विश्लेषण : एव्हरेस्टवरील विष्ठा परत आणण्याची सक्ती का?

एव्हरेस्टवर जाणाऱ्या गिर्यारोहकांना २०२४ च्या वसंत हंगामापासून दोर आणि प्राणवायूच्या सिलिंडरबरोबर आणखी एक वस्तू न्यावी लागते : स्वत:ची विष्ठा खाली आणण्यासाठीची पिशवी. हा नियम का करावा लागला आणि तो पुरेसा आहे का, याविषयी...

नियम काय आहे?

एव्हरेस्टचा परिसर ज्या स्थानिक संस्थेच्या हद्दीत येतो, त्या नेपाळमधील खुंबू पासांग ल्हामू गाउँपालिकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये हा निर्णय जाहीर केला. गिर्यारोहकांनी बेस कॅम्पवर या पिशव्या विकत घ्यायच्या, वरच्या तळांवर वापरायच्या आणि परतल्यावर तपासणीसाठी दाखवायच्या. पिशवीतील रासायनिक भुकटीमुळे विष्ठा घट्ट होते आणि दुर्गंधी बरीच कमी होते. एक पिशवी पाच-सहा वेळा वापरता येते.

ही वेळ का आली?

बेस कॅम्पवर तंबूतील शौचालये आणि पिंपे असतात. त्याच्या वर मात्र काहीच सोय नाही. पहिल्या ते चौथ्या तळादरम्यान सुमारे तीन टन मानवी विष्ठा पडून असावी आणि त्यातील निम्मी साऊथ कोल येथे असावी, असा अंदाज १९९१ मध्ये स्थापन झालेल्या सगरमाथा प्रदूषण नियंत्रण समितीने वर्तवला होता. साऊथ कोल म्हणजे सुमारे ७,९०० मीटर उंचीवरचा शेवटचा तळ. तेथे सतत वारे वाहत असल्याने बर्फही फारसा टिकत नाही आणि घाण उघडीच राहते.

खड्डा करून पुरता येत नाही का?

जंगलात वीतभर खोल खड्ड्यात पुरलेल्या विष्ठेचे मातीतील जिवाणू विघटन करतात. हिमनदीवर माती नसते आणि उष्णताही नसते. त्यामुळे विष्ठा कुजत नाही, केवळ गोठते. गिर्यारोहक तेथलाच बर्फ वितळवून पाणी पितात, त्यामुळे पोटाच्या विकारांचा धोका त्यांनाच असतो.

अन्य देशांचा अनुभव काय?

अलास्कातील डेनाली शिखरावर पूर्वी विष्ठा हिमभेगांत टाकली जात असे. ती हिमनदीत चिरडून नष्ट होईल, असा समज होता. तो चुकीचा ठरला. १९५१ पासून सुमारे ३६ हजार गिर्यारोहकांची ६९ ते ९७ टन विष्ठा काहिल्टना हिमनदीत साठली असून ती पुढे खालच्या बाजूला बाहेर पडेल, असा अंदाज अमेरिकी राष्ट्रीय उद्यान सेवेतील हिमनदीतज्ज्ञ मायकेल लोसो यांनी मांडला. त्यानंतर २०१८ मध्ये १४,२०० फुटांवरील तळाच्या खालची सर्व विष्ठा झाकणबंद डब्यांतून परत आणणे बंधनकारक झाले.

खाली आणल्यावर पुढे काय?

खरा प्रश्न येथे आहे. बेस कॅम्पवरील पिंपे वर्षानुवर्षे खालच्या गोरक शेप वस्तीजवळ नेऊन खड्ड्यांत रिकामी केली गेली. म्हणजे घाण शिखराजवळून हलली, पण खोऱ्यातील पाण्याजवळ आली. यावर उपाय म्हणून तेथे बायोगॅस प्रकल्प प्रस्तावित झाला. परंतु ५,१०० मीटरहून अधिक उंचीवर जिवाणूंना आवश्यक ऊब टिकवणे सोपे नाही.

ओझे कोणाच्या पाठीवर?

दररोज साधारण २५० ग्रॅम धरले, तर वरच्या तळांवरील दोन आठवड्यांत एका व्यक्तीची विष्ठा साडेतीन किलो होते. एव्हरेस्टवरील तंबू, शिधा आणि सिलिंडर प्रामुख्याने शेर्पाच वाहतात. या पिशव्याही त्यांच्याच पाठीवर आल्या, तर नियम कागदोपत्री पाळला जाईल. मात्र पैसे मोजणाऱ्याची घाण दुसऱ्याने वाहण्याची जुनीच रीत पुढे चालू राहील. तपासणीत पिशवी भरलेली आहे का, याबरोबरच ती कोणी उतरवली, हेही पाहावे लागेल.

आपल्याकडे काय?

उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्याळांवर म्हणजे उंचावरील कुरणांवर रात्रीच्या मुक्कामास बंदी घातली. सह्याद्रीत बर्फ नाही, पण अनेक गडमाथ्यांवर कातळावर मातीचा थर पातळ आहे आणि पिण्याचे पाणी टाक्यांतूनच मिळते. शनिवार-रविवारी गडावर मुक्कामाला शेकडो जण जमत असतील, तर एव्हरेस्टचा हा प्रश्न आपल्यापासून फार दूरचा नाही.