यंत्राचा वाटा किती?



16 मे 2021 चा दिवस आठवा. तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले आणि गावोगावी झाडे आडवी झाली. कोणाचा माड विजेच्या तारेवर, कोणाचा आंबा गोठ्यावर, कोणाचा फणस घराच्या कौलांवर. कुऱ्हाड घेऊन बसायला वेळ नव्हता. कटर मशीनवाल्याला निरोप गेला. तो आला, झाडाकडे पाहिले, मग घराकडे पाहिले आणि आकडा सांगितला. तो आकडा झाडावरून ठरला की घरावरून?

आमच्या वाड्यावर एकाच आठवड्यात, जवळजवळ एकाच जाडीच्या दोन झाडांना दोन दर लागले. एका घरात कमावते मुलगे होते, दुसऱ्या घरात म्हातारी एकटी होती. जास्त कोणी मोजले असतील? म्हातारीने! कारण तिला घासाघीस जमली नाही आणि वरून पाऊस थांबत नव्हता. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, ते असे.

पण थांबा. सगळा दोष कटरवाल्याच्या माथी मारून हात झटकू नका. वादळ सरल्यावर काय होते तेही पाहा. कुळागरात चार झाडे कापायची असली की आपण तीन कटरवाल्यांना बोलावतो, एकाला दुसऱ्याचा दर सांगतो आणि सर्वांत कमी सांगेल त्याला काम देतो. तो काय करतो? डोक्याला टोपडे नाही, पायात साधी चप्पल, मदतीला सोळा वर्षांचा पोरगा. साखळीला धार नाही, कारण नवी साखळी घ्यायला पैसे उरत नाहीत. वर्षभर असा तोट्यात चाललेला माणूस वादळाच्या आठवड्यात भरपाई वसूल करतो. म्हणजे उन्हाळ्यात आपण त्याला नाडतो आणि पावसाळ्यात तो आपल्याला. यात शहाणा कोण?

तेव्हा प्रश्न कटरवाला चांगला की वाईट हा नाही. यंत्राचा योग्य दर काय, आणि तो कोणी, कसा ठरवायचा, हा प्रश्न आहे.

रापणकार बंधूंना हे नव्याने सांगायला नको. रापणीची मासळी किनाऱ्यावर आली की वाटे पडतात. ओढणाऱ्या हातांचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा, जाळ्याचा वेगळा. होडी झिजते, जाळे फाटते, म्हणून त्यांनाही वाटा असतो, हे आपल्या वाडवडिलांनी ओळखले होते. मग कटर, ट्रॅक्टर आणि क्रेनचा वाटा काढताना आपण अंदाजपंचे का वागतो? तोच हिशेब इथे मांडू या.

खालचे आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत. तुमच्या गावातले खरे आकडे घालून तुम्हीच पुन्हा मांडा. रीत महत्त्वाची आहे.

समजा कटर मशीन 45,000 रुपयांचे आहे. ते पाच वर्षे चालेल आणि वर्षाला साखळी प्रत्यक्ष फिरण्याचे 300 तास भरतील. एकूण 1,500 तास. म्हणजे तासाला 30 रुपये झीज. गुंतलेल्या पैशावर सरासरी निम्म्या किमतीने 12 टक्के व्याज धरले, तर वर्षाला 2,700, म्हणजे तासाला 9 रुपये. तासाला एक लिटर पेट्रोल-ऑइलचे मिश्रण, 110 रुपये. साखळीवर सुटणारे तेल 50. साखळी, पाते आणि कानस मिळून 40. दुरुस्ती 30. बेरीज करा: 269. तासाला सुमारे 270 रुपये.

आता लक्ष द्या. कटरवाला सकाळी आठला येऊन संध्याकाळी पाचला गेला, तरी साखळी फिरते चारच तास. बाकी वेळ दोर बांधण्यात, झाडाचा कल पाहण्यात, फांद्या ओढण्यात आणि धार लावण्यात जातो. म्हणून दिवसाचा यंत्रखर्च 270 गुणिले 4, म्हणजे 1,080 रुपये. जाणत्या माणसाची मजुरी 1,200, मदतनिसाची 800, येण्याजाण्याचे 300. एकूण 3,380. त्यावर जोखीम आणि नफा म्हणून 15 टक्के धरले, की झाले सुमारे 3,900 रुपये.

या हिशेबातून काय दिसते? 3,900 रुपयांत यंत्राचा वाटा तिसऱ्या हिश्शाहूनही कमी आहे. मोठा वाटा माणसाचा आहे. कटरवाला जेव्हा "मशीन महाग झाले हो" म्हणून दर दुप्पट सांगतो, तेव्हा हा कागद त्याच्यापुढे ठेवा. आणि आपण जेव्हा "मशीनच तर कापते, तू काय करतोस?" असे त्याला ऐकवतो, तेव्हा हाच कागद आपल्यापुढे ठेवा. झाड कुठे पडेल हे मशीन ठरवत नाही, माणूस ठरवतो. पात्याचे टोक लाकडात अडकून उलटे उसळले, तर तोंडावर येते ते त्याच्या.

मोठ्या यंत्राचे गणित उलटे असते. ओंडके उचलणारी क्रेन असो की जेसीबी, तिथे माणसाच्या मजुरीपेक्षा बँकेचा हप्ता मोठा. यंत्र चालो वा उभे राहो, हप्ता चुकत नाही. म्हणून तिथे भांडण होते ते उभ्या राहिलेल्या वेळेवरून. तुमच्या बागेची वाट रुंद नव्हती म्हणून क्रेन दोन तास खोळंबली, तर ते पैसे तुम्ही द्यायला हवेत. क्रेनचे चाक पंक्चर झाले म्हणून दोन तास गेले, तर ते मालकाचे. वाटेतला वेळ कुठून मोजायचा, हे यंत्र हलण्याआधी ठरवा. बंदीच्या आधी होड्या वर ओढायला ट्रॅक्टर बोलावणाऱ्यांनाही हेच लागू. 1 जूनला मासेमारी बंद होते, सगळ्यांना एकदम ट्रॅक्टर हवा असतो आणि मग दर भरतीसारखा चढतो. पाच घरांनी मिळून एकच खेप ठरवली, तर येण्याजाण्याचा खर्च पाच वाट्यांत वाटला जातो.

आता मापाकडे वळू. दर खरा असूनही मापात बुडालेले शेतकरी मी पाहिले आहेत.

तासावर काम दिले तर रेंगाळण्याचा तोटा तुमचा. झाडावर उक्ते दिले तर घाईचा धोका त्याचा. म्हणून घरावर, तारेवर झुकलेले झाड दिवसाच्या मजुरीने द्यावे. तिथे घाई नको. मोकळ्या बागेतली जुनी काजूची झाडे काढायची तर उक्ते चालेल. माडावर चढणाऱ्या पाडेलीला आपण माडामागे देतो, ते ठीक. माड आणि माड सारखा. पण फणस आणि फणस सारखा नसतो.

आणि घनफूट? ओंडक्याभोवती दोरी फिरवायची, दोरीची चौघडी करायची, त्या मापाचा वर्ग करून लांबीने गुणायचे, ही व्यापाऱ्याची जुनी रीत. 4 फूट घेराचा, 10 फूट लांबीचा ओंडका घ्या. चौघडी 1 फूट, म्हणजे माप 10 घनफूट. पण गोल ओंडक्यात खरे लाकूड भरते सुमारे 12.7 घनफूट. शंभरातले साधारण साडेएकवीस घनफूट दोरीत गेले. ही चोरीच आहे असे मी म्हणत नाही. फळ्या काढताना कडा वाया जातात, त्याची सूट म्हणून ही रीत पडली. पण लाकूड विकताना दोरीचे माप आणि कापणावळ देताना पुरे माप, असे झाले तर तुम्ही दोन्हीकडून कापले जाता. एकच माप धरा, देताना आणि घेताना.

त्याहून मोठा फास दुसराच आहे. "फुकट कापतो, लाकूड मी नेतो." ऐकायला किती गोड! चाळीस वर्षे वाढलेल्या फणसाचे लाकूड एका दिवसाच्या मजुरीत गेले, हे ट्रक वळणाआड गेल्यावर कळते. कापणावळ हा एक हिशेब, लाकडाची किंमत हा दुसरा. दोन्ही वेगळे मांडा आणि मगच वजाबाकी करा.

गोव्यात झाड तोडायला 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. ती कोणी काढायची, हेही दर ठरवतानाच बोला. "मी बघतो सगळे" म्हणणारा उद्या दिसणार नाही. खटला मात्र जमीनमालकाच्या दारात येईल.

मग दर ठरवायचा कोणी? मी म्हणतो, गावाने. पण कटरवाल्याला आणि ट्रॅक्टरवाल्याला शेजारी बसवून. कोणी विचारील, "दर बांधलात तर ते आपल्या गावात पाऊलच ठेवणार नाहीत, मग?" बरोबर आहे, पोट न भरणारा दर बांधलात तर नाहीच येणार. म्हणून तर वरचा हिशेब. पेट्रोल वाढले तर त्या ओळीतला आकडा वाढवा, सगळा दर नव्हे. वादळात, रात्री-अपरात्री आला तर जास्त द्या, पण तो जादा आकडा मेमध्येच ठरलेला असू द्या. सेवा सोसायटीच्या फळ्यावर लिहून ठेवा, म्हणजे एकट्या म्हातारीलाही तोच दर लागेल जो सरपंचाला लागतो.

सोसायटीला हिंमत असेल तर तिने एक पाऊल पुढे टाकावे. शेती यांत्रिकीकरणाच्या केंद्रीय योजनेतून 2014-15 पासून भाड्याने अवजारे देणाऱ्या केंद्रांना अनुदान मिळते. मात्र एक लक्षात ठेवा: वर्षाला 300 तास चालणारे कटर तासाला 39 रुपये झीज-व्याज मागते, तेच वर्षाला 100 तास चालले आणि पाचच वर्षांत जुने झाले, तर 117 मागते. प्रत्येक वाड्यावर एक यंत्र घेऊन गंजवण्यात शहाणपण नाही. चार वाड्यांत एक असावे आणि ते चालते असावे.

शेवटची गोष्ट, पण पहिली मानावी अशी. दरात शिरस्त्राण, चेहऱ्यावरची जाळी आणि जाड बूट यांचा खर्च धरा, आणि ते घातल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका. तारेजवळचे झाड असेल तर आधी वीज खात्याला कळवून प्रवाह बंद करून घ्या. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचा अपघाती विमा मिळतो. वीस रुपये! एक नारळसुद्धा मिळत नाही त्यात. कापणाऱ्याने तो काढला आहे का, एवढे विचारायला लाज कसली?

बंधूंनो, मृग दूर नाही. वारा सुटल्यावर सभा भरत नसते. या रविवारी देवळाच्या मंडपात बसा, कागद घ्या, कटरवाल्याला चहा द्या आणि आकडे मांडा. होडीचा वाटा आपल्या आज्यापणज्यांनी ठरवला, तेव्हा त्यांच्याकडे कागदही नव्हता. आपल्याकडे कागद आहे. मग अडते कुठे?