तीन माणसं जोडा, फोन घ्या: हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा

रमजान सुरू व्हायच्या पंधरा दिवस आधी आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मेसेज आला. "अस्सलामु अलैकुम सर. पंधरा हजारांचा फोन 999 मध्ये. फसवणूक नाही, मला स्वतःला इअरफोन मिळालेत. तुम्ही फक्त तीन माणसं जोडा." खाली लिंक, आणि सोबत फोटो. फोटोत इअरफोनचा खोका हातात धरून तो स्वतः हसत होता.

हा मुलगा लबाड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. दहावीनंतर आयटीआय केलं, आता लोट्याच्या एमआयडीसीत कंत्राटावर कामाला आहे. वर्गात असताना खाली पडलेलं दहाचं नाणं कुणाचं म्हणून विचारत फिरणारा. म्हणूनच मेसेज वाचून आम्हाला जास्त काळजी वाटली. अशा योजना लबाड माणसांच्या जोरावर चालतच नाहीत. लबाड माणसाच्या सांगण्यावरून कोण पैसे देतो? त्या चालतात ते अशा शब्दाला पक्क्या मुलांच्या तोंडून.

त्याला घरी बोलावलं आणि योजना समजून घेतली. 999 रुपये भरायचे. त्या बदल्यात मोबाईलवर फोटो कसे काढावेत याची एक पीडीएफ मिळते, तिला 'कोर्स' म्हणायचं. पैसे भरले की यादीत आपला नंबर लागतो. मागून वीस माणसं आली की यादीतल्या पहिल्याला फोन, पुढची वीस आली की दुसऱ्याला. आपण तीन माणसं आणली तर आपला नंबर वर सरकतो. सुरुवातीला येणाऱ्यांना इअरफोन भेट.

ऐकायला भिशीसारखं वाटतं, आणि तीच खरी गोम आहे. आपल्या घरातल्या बायका वर्षानुवर्षं भिशी चालवतात. बारा जणी, बारा महिने, प्रत्येकीचा नंबर लागतो, कुणाचा आधी कुणाचा नंतर. जेवढे पैसे घालतो तेवढेच उचलतो. त्यामुळे "नंबर लागेल" हा शब्द कानावर पडला की आपल्याला विश्वास वाटतो. पण भिशीत माणसं ठरलेली असतात आणि एक दिवस ती पूर्ण होते. या यादीला शेवट नाही. इथे आपला नंबर लागण्यासाठी अशी माणसं यावी लागतात जी अजून आलेलीच नाहीत.

आम्ही त्याच्यासमोर कागद ओढला. वीस जणांचे 999 म्हणजे 19,980 रुपये. त्यातून पंधरा हजारांचा एक फोन गेला, चालवणाऱ्याकडे 4,980 उरले. इथपर्यंत ठीक. आता तुझा नंबर शंभरावा असेल तर फोन कधी मिळेल? एकूण 2,000 माणसं झाल्यावर. त्या दोन हजाराव्या माणसाला कधी मिळेल? 40,000 झाल्यावर. आणि त्या चाळीस हजाराव्याला? आठ लाख माणसं झाल्यावर.

म्हणजे योजना कुठल्याही दिवशी थांबली तरी शंभरातल्या पाच जणांना फोन मिळालेला असतो आणि पंच्याण्णव जणांना नाही. दोन हजारांवर थांबली तर 1,900 जण रिकाम्या हाती, वीस हजारांवर थांबली तर 19,000. आणि लक्षात घ्या, हा हिशेब आम्ही चालवणारा माणूस एकदम प्रामाणिक आहे असं धरून केला आहे. तो एक पैसाही घेऊन पळाला नाही तरी पंच्याण्णव टक्के लोक बुडतातच. पळाला तर शंभर टक्के.

"पण सर, तीन माणसं आणली तर नंबर वर जातो ना?" जातो. पण तुझा नंबर वर गेला म्हणून फोन वाढत नाहीत, फक्त तुझ्या पुढचा कुणीतरी मागे जातो.

दुसऱ्या दिवशी हेच गणित नववीच्या वर्गात फळ्यावर घातलं. प्रत्येकाने तीन माणसं आणायची, त्या तिघांनी प्रत्येकी तीन. 3, 9, 27, 81... पोरांना मजा वाटत होती. दहाव्या पायरीवर 59,049 आले तेव्हा एक मुलगी म्हणाली, "सर, एवढी माणसं आपल्या शहरात तरी आहेत का?" सतराव्या पायरीवर आकडा 12 कोटी 91 लाखांवर गेला. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या 11 कोटी 24 लाख होती, तान्ही बाळं धरून. मागच्या बाकावरून आवाज आला, "मग बाळांना पण फोन लागणार." वर्ग हसला, पण मुद्दा पोचला.

इंटरनेटवर ही पद्धत नवी नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी अमेरिका आणि ब्रिटनमध्ये 'मॅट्रिक्स' नावाने अशाच याद्या चालत. किरकोळ ई-बुक वगैरे विकत घ्यायचं आणि महागड्या फोनसाठी किंवा गेमच्या यंत्रासाठी रांगेत उभं राहायचं. 2005 मध्ये ब्रिटनच्या ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगने अशा योजनांना बेकायदा लॉटरी ठरवून कारवाई केली. आपल्याकडे तोच माल आता व्हॉट्सॲपवरून येतो, एवढाच फरक.

आता इअरफोनबद्दल. "मिळाले की नाही?" हा प्रश्न आपल्या लोकांना फार पटतो. मिळाले. स्वस्तातले इअरफोन शे-दीडशे रुपयांत येतात. तेवढ्या खर्चात चालवणाऱ्याने एक साक्षीदार विकत घेतला, आणि तो साक्षीदार आपल्याच मोहल्ल्यातला. टीव्हीवरच्या जाहिरातीवर शंका घेणारी माणसं भाच्याच्या हातातल्या खोक्यावर शंका घेत नाहीत.

मुंबईतलं टोरेस प्रकरण अजून जुनं झालेलं नाही. जानेवारी 2025 मध्ये ते फुटलं. दादरला मोठं चकाचक शोरूम, मीरा रोड, कल्याण, सानपाडा अशा शाखा. मॉइसनाइटचे खडे विकायचे आणि त्यावर दर आठवड्याला परतावा द्यायचा. आठवड्याला सहा टक्के म्हटलं तरी वर्षाच्या 52 आठवड्यांत 312 टक्के होतात. कुठला खडा एवढा कमावतो? पण अनेक महिने लोकांच्या खात्यात पैसे येत राहिले, नवीन माणसं आणणाऱ्यांना बक्षिसं मिळत राहिली आणि ज्यांना मिळाले त्यांनीच पुढे नातेवाईकांना नेलं. कोकणातल्या कितीतरी घरांचे नातेवाईक मीरा रोडला आहेत, त्यामुळे ही गोष्ट आपल्या दारापर्यंत कशी येते हे वेगळं सांगायला नको. शोरूम होतं, कंपनी नोंदलेली होती, पावत्या मिळत होत्या. "रजिस्टर्ड कंपनी आहे" या वाक्याला किती किंमत द्यायची ते यावरून ठरवा. कंपनी नोंदवणं वेगळं आणि लोकांकडून ठेवी घ्यायची परवानगी असणं वेगळं.

स्वस्त फोनची भूक किती मोठी आहे हे आपण त्याआधीच पाहिलं होतं. फेब्रुवारी 2016 मध्ये रिंगिंग बेल्स नावाच्या कंपनीने 251 रुपयांत स्मार्टफोन जाहीर केला, 'फ्रीडम 251'. ती साखळी योजना नव्हती. पण देशभरातून इतक्या लोकांनी एकदम बुकिंगला हात घातला की संकेतस्थळ कोलमडलं. पत्रकारांना दाखवलेल्या फोनवर दुसऱ्याच कंपनीचं नाव व्हाइटनरने झाकलेलं निघालं. तेव्हा जाणकार सांगत होते की नुसते सुटे भागही या किमतीत येत नाहीत. हाच प्रश्न आजही विचारायचा असतो: मागून एकही माणूस आला नाही, तर हा दुकानदार मला ही वस्तू या किमतीत देईल का? उत्तर "नाही" असेल तर तो वस्तू विकतच नाही. सणासुदीची सूट, जुना फोन देऊन नवा घेणं, हप्त्यावर घेणं यात असा प्रश्न येत नाही, तिथे आपण आणि दुकानदार एवढंच. पैसे पाठवायच्या एखाद्या ॲपने मित्र आणल्याबद्दल पन्नास रुपये दिले तर तेही वेगळं, कारण त्यासाठी आपण आधी खिशातून काही भरलेलं नसतं.

आपल्या समाजाची आणखी एक दुखरी जागा आहे. योजनेला 'हलाल' हा शब्द चिकटवला की आपली चौकशी थांबते. बेंगळुरूच्या आयएमएने, म्हणजे आय मॉनेटरी ॲडव्हायझरीने, व्याज नको म्हणणाऱ्या हजारो मुस्लिम कुटुंबांचे पैसे गोळा केले. जून 2019 मध्ये ती कोसळली तेव्हा लोक लेकींच्या लग्नासाठी आणि हजसाठी ठेवलेल्या पैशांच्या पावत्या घेऊन रांगेत उभे होते. आम्ही काही आलिम नाही, फतवा देणं आमचं काम नाही. पण एवढं मदरशातलं पोरही सांगेल की व्याज नाही म्हणजे व्यवहार हलाल झाला असं होत नाही. जिथे एकाचा फायदा दुसऱ्याच्या बुडण्यावरच उभा आहे, त्याला किमार, म्हणजे जुगार, का म्हणू नये, हे योजना आणणाऱ्याने आधी आपल्या इमामसाहेबांसमोर बसून सांगावं. बहुतेक जण त्या बैठकीला येतच नाहीत.

आम्ही हे शहाणपण उंचावर बसून सांगत नाही. बी.एड. झाल्यावर नोकरी शोधत होतो तेव्हा आम्हीही एका साखळीत पैसे घातले होते. कंपनीचं नाव घेत नाही. औषधी चहाचे सहा डबे आले. दोन मामूंच्या गळ्यात मारले, बाकीचे घरीच संपवले. मामू आजही लग्नकार्यात भेटले की विचारतात, "चहा आणलास का?"

कायद्याची एक बाजू मात्र तेव्हा आम्हाला माहीत नव्हती आणि आजही बहुतेकांना नसते. 1978 चा प्राइज चिट्स आणि मनी सर्क्युलेशन बंदी कायदा फक्त योजना चालवणाऱ्याला पकडत नाही. अशा योजनेत सभासद होणं, त्यात भाग घेणं, त्यासाठी पैसे घेणं-पाठवणं हेही त्यात गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. डिसेंबर 2021 मध्ये केंद्राने थेट विक्रीचे नियम काढले, त्यातही पिरॅमिड योजनांना साफ मनाई आहे. म्हणजे मोहल्ल्यात अकरा जणांना जोडणारा मुलगा स्वतःला बळी समजतो, पण कागदावर तो अडकलेला असू शकतो. हे आम्ही त्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला, कारण त्याने अकराच जोडले होते.

ॲप प्ले स्टोअरवर नव्हतं, लिंकवरून उतरवायचं होतं. पैसे दर वेळी वेगळ्याच माणसाच्या यूपीआयवर जात होते. दोन आठवड्यांनी पडद्यावर दिसलं, "अभिनंदन, तुमचा नंबर लागला. फोन पाठवण्यासाठी 2,400 रुपये कर भरा." आपलीच वस्तू घ्यायला आणखी पैसे मागितले की समजावं, गाडी शेवटच्या स्टॉपला आली. त्याने ते भरले नाहीत, एवढं बरं झालं. त्याच्या खालाने मात्र भरले.

खाला तांदळाच्या भाकऱ्यांच्या ऑर्डरी घेतात. पहाटे उठून चुलीसमोर बसणाऱ्या बाई. नातवाला दहावीनंतर फोन द्यायचा म्हणून त्यांनी भाच्याच्या शब्दावर तीन नंबर घेतले होते. तीन वेळा 999 आणि वर 2,400, मिळून 5,397 रुपये. नंतर ॲप उघडेना, ग्रुपचा ॲडमिन गायब.

आम्ही त्याला बसवून 1930 वर फोन करायला लावला. हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, घरात भिंतीवर लिहून ठेवा. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर पुढच्या खात्यात ते गोठवण्याची शक्यता असते. इथे तीन आठवडे उलटले होते. संकेतस्थळावर तक्रार नोंदवली, स्क्रीनशॉट जोडले, ज्या यूपीआयवर पैसे गेले ते सगळे लिहिले. कुणी ठेवी किंवा परताव्याच्या नावाने पैसे मागत असेल तर रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर ती संस्था कुठे नोंदलेली आहे ते आधीच बघता येतं, तक्रारही करता येते. स्क्रीनशॉट मात्र लगेच काढा. असे ग्रुप एका रात्रीत पुसले जातात.

पैसे अजून परत आलेले नाहीत. पोरगा महिनाभर खालाच्या घरी गेला नाही. जुम्म्याला मोहल्ल्याची मशीद सोडून स्टेशनजवळच्या मशिदीत जायचा, कारण त्या अकरांतले सहा जण आपल्या मशिदीत असतात. शेवटी आम्हीच त्याला घेऊन खालाकडे गेलो. खाला काही बोलल्या नाहीत, पाणी दिलं आणि भाकऱ्या थापत राहिल्या. त्याने पगारातले पाचशे रुपये पुढे ठेवले, म्हणाला, "खाला, दर महिन्याला देईन." बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "ठेव तिकडे. आणि रविवारी ये, पीठ दळून आणायचं आहे."

बाकीच्या दहा जणांच्या घरी अजून जायचं आहे.