डोंगर तोडायला देण्याआधी

आमच्याकडे एखाद्याने आपल्या वरकस जमिनीवरची सगळी झाडं कंत्राटदाराला विकली की 'त्याने डोंगर तोडायला दिला' असं म्हणतात. डोंगर अर्थातच जागेवर राहतो, झाडं तेवढी जातात. राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावात आणि आजूबाजूला गेल्या काही वर्षांत इतके डोंगर तोडायला दिले गेले की आमच्या पडवीतून पूर्वी कधीही न दिसणारा पलीकडच्या वाडीचा मोबाईल टॉवर आता स्वच्छ दिसतो. रेंज मात्र होती तेवढीच आहे :-)

तर आता पाळी आमच्या डोंगराची आहे. साडेचार एकर वरकस, सातबाऱ्यावर अकरा नावं (२००५ च्या कायदादुरुस्तीनंतर आम्हा मुलींचीही लागली, त्यातलं एक माझं), आणि कंत्राटदाराने सांगितलेला आकडा तीन लाख. घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर यावर बरंच बोलून झालंय. पण तिथे अंगठे आणि नमस्कार जास्त, मुद्दे कमी. म्हणून इथे सविस्तर लिहायला बसले. ग्रुपवरची निम्मी मंडळी इथे येऊन गुपचूप वाचून जातात हे मला ठाऊक आहे. बाकीच्या वाचकांनी आमच्या घरगुती भांडणात डोकावतोय म्हणून संकोचू नये. कोकणात ज्याची म्हणून सामाईक जमीन आहे त्याच्या घरी हे भांडण आज ना उद्या व्हायचंच.

माझं मत आधीच सांगून टाकते. सही करू नये. आणि हे मी 'झाडे लावा, झाडे जगवा' छापाच्या प्रेमातून म्हणत नाहीये. आठ वर्षं आईबरोबर गावी राहून शेती करते आहे, त्या हिशेबातून म्हणतेय.

तीन लाख भागिले अकरा म्हणजे सत्तावीस हजार आणि काही रुपये. बऱ्यापैकी मोबाईलची किंमत. दादाचं म्हणणं, "एवीतेवी पडूनच आहे ना? तोडू आणि काजू लावू." त्यातला 'पडून' हा शब्द मला खरा टोचला. मुंबईहून मे महिन्यात पंधरा दिवसांसाठी आलं की डोंगर पडूनच दिसणार, कारण त्याची सगळी कामं तोवर आटोपलेली असतात.

दिवाळी झाली की पहिलं काम जाळपट्ट्याचं. डोंगराच्या कडेने दहा-बारा फुटांचा पट्टा ग्रासकटरने साफ करायचा, पातेरा आत ओढून घ्यायचा आणि उरलेलं गवत डिसेंबरात, दंव पडायला लागलं की संध्याकाळी माणसं उभी करून जाळून टाकायचं. हे केलं नाही तर फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणीतरी टाकलेल्या विडीने किंवा नवं गवत चांगलं यावं म्हणून लावलेल्या आगीने वणवा येतो आणि खालच्या कलमांपर्यंत सगळं घेऊन जातो. ग्रासकटर चालवायला दोन दिवस माणूस, पेट्रोल, त्यात लिटरला वीस मिली ऑईल, आणि दगडावर आपटून गेलेलं पातं वेगळं. (ऑईल अंदाजाने ओतणाऱ्यांची मशीन दुरुस्तीच्या दुकानात सापडतात.)

मग लाकडं. आमच्या घरी गॅस आहे, पण आंघोळीचं पाणी, गणपतीतला स्वयंपाक, काजू भाजणं, गुरांचं आंबोण हे सगळं चुलीवर. वाळकं, वाकडं, वाऱ्याने मोडलेलं असं वेचून आणलं तरी वर्षाची बेगमी होते. मांडवाचे मेढे, बेड्याच्या काठ्या, गडगा ढासळला की तिथे घालायची शिरडं, सगळं वरूनच येतं. पातेरा कलमांच्या आळ्यात जातो आणि गोठ्यातही. यातलं काहीच विकत आणत नाही म्हणून त्याची पावती नाही, आणि पावती नाही म्हणून ते 'उत्पन्न' नाही. आपल्या घरात बायकांच्या कामाचाही हिशेब असाच लागतो, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

एक गोष्ट मात्र मी डोंगरावर मुद्दाम कमी केली. आजीच्या काळी भाजावळीसाठी ऐन आणि किंजळीच्या फांद्या दरवर्षी छाटून आणत. झाडांचे नुसते खुंटारे उभे असायचे. कवळं वाळवून, गवत-पातेरा अंथरून, वर बारीक माती टाकून दाढ भाजायची, म्हणजे तणाचं बी मरतं आणि राखही मिळते. पद्धत अडाणी नव्हती. पण अर्ध्या एकराच्या भाताला लागणाऱ्या तरव्यासाठी एवढी झाडं बोडकी करायची आणि त्यासाठी चार गडी शोधायचे, हे आता जमत नाही. चारसूत्री भातशेतीत तरव्याच्या वाफ्यात तुसाची राख घालायला सांगतात, आणि लावणीआधी चिखलात गिरिपुष्पाचा पाला. आम्ही बांधावर गिरिपुष्पाच्या फांद्या खोचल्या, त्या जगल्या, आणि तेव्हापासून वरचा ऐन पुन्हा झाडासारखा दिसायला लागला. म्हणजे डोंगर राखायचा तर खालच्या शेतीची पद्धतही बदलावी लागते. नुसतं 'तोडू नका' म्हणणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

आता झरा. आमच्या मळ्याच्या वरच्या अंगाला जो झरा आहे तो साधारण मार्चअखेरपर्यंत पाटाला पाणी देतो. त्यावर भाजीपाला आणि चवळी-कुळीथ होतं. शेजारचा डोंगर तुटल्यावर तिसऱ्या वर्षी त्यांचा झरा जानेवारीतच आटला. तो केवळ तोडीमुळेच आटला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, त्या वर्षी परतीचा पाऊसही रुसला होता. पण मातीचं मी छातीठोकपणे सांगते, कारण ती आम्ही घमेल्यांनी उपसली. जांभ्यावर माती असते ती जेमतेम वीतभर. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जेसीबीने मुळं उपटून टप्पे केले की पहिल्याच आषाढात ती पऱ्यात येते आणि पऱ्यातून मळ्यात.

इथे एक फरक करायला हवा. झाड कापणं आणि जेसीबी लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऐन, किंजळ यांचं झाड पावसानंतर, थंडीत, जमिनीलगत तिरकं आणि साफ कापलं तर खुंटाला पुढच्या पावसात धुमारे फुटतात. दहा-बारा फुटले तर त्यातले चांगले दोन-तीन ठेवून बाकीचे काढायचे, दोन वर्षं गुरं-शेळ्या येऊ द्यायच्या नाहीत आणि वणवा लागू द्यायचा नाही. मुळं जुनी असल्यामुळे ते रोपापेक्षा कितीतरी जोरात वाढतात. जुनी माणसं असंच तोडून पुन्हा तोडत आली. खोड ठेवून कापलेला डोंगर परत येतो. उपटलेला येत नाही.

काजूबद्दल. मी काजूच्या विरोधात नाही, आमची साठ झाडं आहेत, वेंगुर्ला चार आणि वेंगुर्ला सात. हेक्टरी दोनशे कलमं धरली तर साडेचार एकरांत साडेतीनशेहून जास्त बसतील. अनुदान मिळतं हेही खरं, पण ते तीन वर्षांत हप्त्याने आणि कलमं जगली तर. जगवायची कोणी? पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात डोंगरावर पाणी चढवायचं, पावसानंतर दोन वेळा रान काढायचं, पालवी, मोहोर आणि फळ धरताना ढेकण्यासाठी फवारण्या, खोडाला रोठा लागलाय का हे झाडागणिक वाकून बघायचं. आणि मग फेब्रुवारी ते मे रोज सकाळी बिया वेचायच्या, नाहीतर माकडं आणि माणसं वेचतात. साठ झाडांना आई आणि मी पुरतो. त्यापुढे गडी लागतो. गावात गडी नाही म्हणून बागायतदार नेपाळहून आलेल्या कुटुंबांना वर्षभर ठेवतात, पण त्यांना हजार-दोन हजार झाडांची बाग परवडते, आपल्यासारख्यांना नाही. दादा, तू म्हणशील 'करू काहीतरी मॅनेज.' ते करणारी व्यक्ती पुन्हा मीच असणार, म्हणून विचारतेय.

कंत्राटदाराचं सगळ्यात गोड वाक्य म्हणजे "कागदपत्रांचं आम्ही बघतो." मला त्याचीच धास्ती वाटते. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यातल्या यादीत ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, खैर, आंबा, फणस ही सगळी आहेत, म्हणजे आमच्या डोंगरावरची जवळजवळ सगळी मोठी झाडं. ती तोडायला परवानगी लागते, आणि काही कमीजास्त झालं तर सातबाऱ्यावरच्या नावांना विचारतात, कंत्राटदाराला शोधावं लागतं. शिवाय सातबाऱ्याच्या इतर हक्कांत 'खाजगी वन' असा शेरा आहे का, ते आधी बघायला हवं. १९७५ च्या कायद्याचं हे भूत पन्नास वर्षांनंतरही कुणाकुणाच्या उताऱ्यातून निघतं. आपला उतारा मी काढलाय, शेरा नाही. पण हद्द मोजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण पश्चिमेकडचा गडगा आपला की शेजाऱ्यांचा यावर आजोबांच्या वेळेपासून एकमत नाही.

आणि तोडणारी माणसं? मागच्या हिवाळ्यात शेजारच्या तोडीवर एका विशीतल्या मुलाच्या मांडीवर फांदी आली. पायात स्लीपर, डोक्याला टॉवेल, हातात भलं मोठं चेनसॉ. उलट्या बाजूची खाच न घेताच कापत होते. त्याला गाडीत घालून नेलं, आणि दुसऱ्या दिवशी तोड पुन्हा सुरू झाली. कंत्राटदार मला त्याचं नावही सांगू शकला नाही. आपल्याकडे झाड पाडताना माझे दोन-तीन हट्ट असतात. एकट्याने कापायचं नाही, मागे तिरकं पळायची वाट आधी मोकळी करायची, आणि दुपारी खारा वारा सुटायच्या आत काम थांबवायचं. यामुळे काम हळू होतं हे मान्य.

आता दादाचा खरा मुद्दा. तो ग्रुपवर नाही, फोनवर म्हणाला होता, "तू तिथे राहतेस म्हणून लाकूड तुझं, झरा तुझा. आम्हाला काय?" याला उत्तर नाही असं मुळीच नाही, पण प्रश्न चुकीचा आहे असंही मी म्हणणार नाही. तो बरोबरच आहे. आठ वर्षं जे वापरते आहे ते अकरा जणांचं आहे. आणि काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन तोंडावर आहे, त्यांच्यासाठी सत्तावीस हजार म्हणजे मोबाईल नव्हे.

म्हणून माझं म्हणणं असं. साडेचार एकरांचे अर्ध्या अर्ध्या एकराचे नऊ पट्टे पाडायचे. दर थंडीत एकच पट्टा, परवानगी काढून, खोड ठेवून तोडायचा. झऱ्याच्या वरचा पट्टा, रायवळ आंबे, हिरडा-बेहडा आणि मोठं जांभूळ यांना हात लावायचा नाही. जेसीबी आत येणार नाही. लाकूड विकून जे येईल ते वहीत लिहून ग्रुपवर टाकायचं आणि अकरा भाग करायचे. माझ्या घरी येणाऱ्या लाकडाचे पैसे मी वर्षाला भरीन, किती ते तुम्ही ठरवा. बांधाच्या कडेने माणगा लावायचा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर खाजगी जमिनीतला बांबू कायद्याने झाडात धरत नाहीत, त्यामुळे तोडीची कटकट कमी, काटे नाहीत, आतून जवळजवळ भरीव असल्यामुळे काठीला मागणी आहे. चौथ्या-पाचव्या वर्षापासून दर बेटातून जुन्या काठ्या काढायच्या, कोवळ्या ठेवायच्या. तीन लाख एकदम यातून येणार नाहीत, हे उघड आहे. नऊ वर्षांत किती येतील याचा आकडा मी आज सांगत नाही, लाकडाचा भाव माझ्या हातात नाही.

काकांचे सत्तावीस हजार मी आत्ता देते. ही मदत नाही, उचल आहे, त्यांच्या पुढच्या वाट्यातून वळती होईल. काकू, त्यांना हे वाचून दाखवा, आणि ते चिडले तर मला फोन करा.

आत्या, तुमची सही सगळ्यात आधी मागायला येतील, कारण तुम्ही कुणाला नाही म्हणत नाही. या खेपेला जरा थांबा एवढंच.

मोजणीचा अर्ज दिलाय. तारीख आली की ग्रुपवर कळवते. पट्ट्यांच्या खुणा करायला निदान चौघे तरी हवेत, दादा तू धरून. येताना चपला नकोत, घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट आणा. पातेऱ्यात फुरसं असतं आणि ते दिसत नाही.