शास्त्रज्ञांच्या संस्था आणि राजकारण

अभियंते, रसायनशास्त्रज्ञ, पदार्थवैज्ञानिक यांच्या संस्था ज्ञानवृद्धीसाठी स्थापन होतात. अशा संस्थांनी राजकीय प्रश्नांवर आपले मत जाहीर करावे काय? व्हिएतनाममधील युद्ध चालू असता, १९६८ साली, हा प्रश्न अमेरिकन फिजिकल सोसायटीपुढे उभा राहिला. सभासदांपैकी ठराविक संख्येने मागणी केल्यास सार्वजनिक प्रश्नावर सर्वांचे मत घेतले जावे, अशी घटनादुरुस्ती चार्ल्स श्वार्त्झ यांनी सुचविली. सभासदांनी ती मतदानाने फेटाळली.

हा निर्णय आम्हांस योग्य वाटतो. एखादे युद्ध न्याय्य की अन्याय्य, हे ठरविताना पदार्थवैज्ञानिकाच्या मताचे वजन शेतकऱ्याच्या मताहून अधिक असावयाचे कारण नाही. शिवाय बहुमताने ठराव केला, तरी अल्पमतातील सभासदांच्या नावावर त्यांना अमान्य असलेले मत चढतेच. श्वार्त्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली स्वतंत्र संघटना काढली. तोच मार्ग सरळ होता. नागरिक या नात्याने बोलण्यास शास्त्रज्ञाला कोणाचीच आडकाठी नसावी.

तथापि, संस्थेने सदैव मौन पाळावे असा निष्कर्ष यावरून काढणे घातक होय. डिसेंबर १९३८ मध्ये, नाझी राजवटीच्या दडपणाखाली, जर्मन फिजिकल सोसायटीचे अध्यक्ष पीटर डिबाय यांनी ज्यू सभासदांना राजीनामे देण्यास पत्राने कळविले. आपण राजकारणापासून अलिप्त आहोत असे त्या संस्थेला म्हणता आले असते काय? ज्यांना विज्ञानाच्या पंक्तीतून वंशावरून उठविले जाते, त्यांच्या बाजूने उभे राहणे हे संस्थेचे घरचेच कर्तव्य आहे.

दुसरे कर्तव्य ज्ञानाचे. २३ मार्च १९८३ रोजी अध्यक्ष रेगन यांनी शत्रूची क्षेपणास्त्रे वाटेतच नष्ट करण्याची योजना घोषित केली. लेसरसारख्या किरणांनी हे साधेल, अशी मोठी आशा तीत होती. ती कितपत खरी, हे सामान्य नागरिकास कसे कळावे? तेव्हा अमेरिकन फिजिकल सोसायटीने एक अभ्यासगट नेमला. निकोलास ब्लूमबर्गन यांच्यासह त्याचे नेतृत्व कुमार पटेल यांच्याकडे होते. बारामतीस जन्मलेले आणि पुण्यात अभियांत्रिकी शिकलेले पटेल हे कार्बन डायऑक्साइड लेसरचे जनक. अभ्यासगटास शासनाची गोपनीय माहितीही पाहावयास मिळाली. १९८७ च्या त्याच्या अहवालाने सांगितले की, किरणांची शक्ती व गुणवत्ता शंभरपट किंवा त्याहूनही अधिक वाढावयास हवी, आणि ही शस्त्रे परिणामकारक ठरतील की नाही, याचा निर्णय करण्यापुरते ज्ञान मिळविण्यासच दहा वर्षे वा अधिक काळ लागेल. त्यावरून संस्थेच्या कार्यकारी परिषदेने, अशी यंत्रणा उभारण्यास घाईने बांधून घेऊ नये, असा सल्ला दिला. काहींना तो राजकीय वाटला. परंतु त्याचा आधार पक्षनिष्ठा नसून मोजमाप होते, आणि ते मोजमाप कोणाही जाणकारास तपासता येत होते.

या दोन बाबतींत गप्प बसणाऱ्या संस्थेस तटस्थ म्हणता येणार नाही. ती कर्तव्यच्युत होय. इतर बाबतींत मात्र तिने संयम पाळावा. पूल भार सोसणार नाही, असे अभियंत्यांची संस्था सांगते तेव्हा लोकांनी तिचे ऐकलेच पाहिजे. आणि प्रत्येक निवडणुकीत मत देणाऱ्या संस्थेचे त्या दिवशी कोण ऐकेल?