एक चित्र, अनेक पडदे

तीन मजल्यांचे वस्त्रदालन उभे राहत असते. लाकूडकाम, आरसे, दिवे यांवर घरातील वडीलधाऱ्यांची चर्चा आठवडेच्या आठवडे चालते. टीव्हीचा विषय मात्र उद्घाटनाच्या आठ दिवस आधी निघतो. बारा संच भिंतींवर चढतात आणि मग प्रश्न पडतो, की गल्ल्याजवळच्या प्लेअरमधील चित्र या बाराही पडद्यांवर न्यावे कसे?

स्वस्त उपाय स्प्लिटरचा. त्यातून सर्वत्र एकच चित्र जाते. तळमजल्यावर साड्या आणि वर मुलांचे कपडे दाखवायचे असतील, तर मॅट्रिक्स हवे. पण खरी अडचण बहुधा अंतराची असते. साध्या एचडीएमआय केबलमधून सुमारे १५ मीटरपुढे चित्राचा भरवसा राहत नाही. ४के असेल, तर बरेच आधी. म्हणून लांबच्या पडद्यासाठी कॅट-६ केबल ओढून तिच्या दोन्ही टोकांना एक्स्टेंडर लावतात. चांगल्या प्रतीची जोडी १०० मीटरपर्यंत चित्र नेते. गिलाव्यापूर्वी भिंतीत पाईप टाकलेला असेल, तर हे काम काही तासांचे. नंतर सुचले, तर नवी भिंत फोडणे आले. प्रत्येक पडद्यामागे दोन केबल ओढून ठेवाव्यात. मजुरीपुढे केबलचा खर्च तो काय!

घरचा जुना टीव्ही दुकानात लावण्याचा मोह व्यापाऱ्याला होणारच. मेख तेथेच आहे. प्रत्येक संच आपली क्षमता प्लेअरकडे कळवतो आणि पुष्कळ स्प्लिटर सर्वांना झेपेल तेवढेच चित्र मागवतात. अकरा संच ४के असूनही बाराव्यासाठी सगळे खाली उतरतात.

मोठ्या दालनात आता चित्र संगणकाच्या जाळ्यातूनच पाठवतात. प्लेअरपाशी एनकोडर, प्रत्येक पडद्यापाशी डिकोडर, मध्ये स्विच. पडदा वाढला, की एक डिकोडर वाढवायचा. मात्र बिलांचे संगणक त्याच स्विचवर असतील आणि स्विच साधा असेल, तर चित्रांचा लोंढा सगळ्या वाटांनी पसरतो आणि ऐन दिवाळीच्या गर्दीत बिले अडकतात. चित्रांसाठी स्विच वेगळाच घ्यावा. मल्टिकास्ट आवरण्याची, म्हणजे आयजीएमपी स्नूपिंगची, सोय त्यात आहे का, हे खरेदीपूर्वीच विचारावे.

शेवटची रक्कम देण्यापूर्वी बाराही पडदे आणि बिलांचे सगळे संगणक एकाच वेळी तासभर चालवून पाहावेत, तेही आवाजासह. डिकोडर वेगवेगळ्या प्रतीचे असतील, तर एखादा पडदा क्षणभर मागे पडतो, आणि जिन्यात उभे राहिले, की तोच शब्द दोनदा ऐकू येतो.