येतो म्हणून गेलेले

पेन्शनीच्या तारखेला तालुक्याच्या गावी बँकेसमोरच्या वडाच्या पारावर जे वृद्ध सेवानिवृत्त सैनिक येऊन बसतात, त्यांना युद्धाविषयी सरळ प्रश्न केला तर उत्तर मिळत नाही, हा माझा आज पुष्कळ वर्षांचा अनुभव आहे. ‘‘एकाहत्तर साली आपण कोठे होता?’’ असे विचारावे, तर समोरचा गृहस्थ डोक्यावरची टोपी नीट करतो, ‘‘होतो की बंगालात. ड्यूटी होती, केली, गुरुजी,’’ एवढेच बोलतो आणि यंदाच्या पावसाकडे वळतो. परंतु त्याच गृहस्थाला पाराला टेकवून ठेवलेल्या त्याच्या सायकलीविषयी विचारावे, ती कोणत्या साली घेतली, कोणत्या गावी घेतली, मूळचे सीट अजून टिकले आहे काय, एवढीच चौकशी करावी. म्हणजे मघाशी दोन वाक्यांत मिटलेला माणूस हळूहळू उलगडू लागतो आणि सायकलीच्या मागोमाग छावणी, बराक, लंगर, सुट्टीचा अर्ज, रात्रीची आगगाडी आणि अखेर ती लढाईही, जिच्याविषयी त्याला काही सांगावयाचे नव्हते, आपल्या पायांनी चालत पारावर येते.

सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका हवालदाराने मला सांगितलेली हकीकत येथे थोड्या विस्ताराने देतो. गाव त्यांना ‘मेजर’ म्हणते; आमच्याकडे फौजेतून परतलेल्या प्रत्येकाला गाव हा हुद्दा आपल्या अधिकारात बहाल करते, आणि त्यात थट्टेचा लवलेश नसतो. १९६६ साली बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात शिक्षण पुरे झाल्यावर साठवलेल्या पगारातून त्यांनी काळी, दांडीच्या ब्रेकची, पूर्ण चेनकव्हरची सायकल घेतली, आणि पहिल्या सुट्टीला येताना तिला गोणपाट गुंडाळून, ब्रेकव्हॅनमध्ये टाकून, मिरजेवरून रहिमतपूर स्टेशनावर उतरवली. तेथून गाव सात मैल. घरात तोपर्यंत बैलगाडीखेरीज चाकाचे वाहन नव्हते. वडिलांनी तिला हळदकुंकू लावले, पण त्यांना ती कधीच चालवता आली नाही.

पुढे १९७१ च्या दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास ते सुट्टीवर असताना सुट्टी रद्द झाल्याची तार आली. रात्रीची गाडी पकडावयाची होती. वडिलांना कॅरिअरवर आणि ट्रंक हँडलला अडकवून मेजर स्टेशनावर गेले; सायकल माघारी न्यावयास कोणीतरी हवे, म्हणून वडील सोबत आले होते. गाडी सुटली. सायकल चालवता न येणारा तो वृद्ध शेतकरी ती हातात धरून, कंदिलाशिवाय, सात मैल पायी चालत पहाटे गावात शिरला. वेशीवर ज्यांनी पाहिले, त्यांना स्वार नसलेली सायकल तेवढी दिसली. त्यांनी विचारले, ‘‘तात्या, पोरगं?’’

या ठिकाणी मेजर थांबले आणि मग जे बोलले, ते माझ्या मनातून जात नाही. मराठी माणसाला अशा वेळी ‘तो गेला’ असे म्हणता येत नाही, कारण त्या क्रियापदाचा दुसरा अर्थ सर्वांना ठाऊक आहे. ‘पोचवून आलो’ असेही म्हणता येत नाही. ते शब्द स्मशानातून परतणाऱ्यांचे. म्हणून त्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बापाने क्षणभर विचार केला आणि उत्तर दिले, ‘‘येतो म्हणालाय.’’ पुढे सात-आठ महिने जो कोणी विचारील त्याला हेच दोन शब्द मिळाले, आणि दर बाजारच्या दिवशी तात्या ती सायकल स्टँडवर घेऊन, चेनीला तेल देऊन, पायडल हाताने फिरवीत राहिले, जेणेकरून ती गंजू नये. हे मेजरांना १९७२ च्या मे महिन्यात सुट्टीवर आल्यानंतर आईकडून कळले. जमालपूरविषयी बोलताना ज्यांचा स्वर किंचितही हलला नव्हता, ते हे सांगताना डोळ्यांना उपरणे लावून बसले.

जमालपूर मी मध्येच उच्चारले, कारण तेही त्या दिवशी असेच मध्येच आले. डिसेंबर १९७१ मध्ये ब्रह्मपुत्रेच्या काठच्या त्या गावाला ज्या पलटणींनी वेढा घातला, त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण, म्हणजे १७६८ सालापासून चालत आलेली ‘जंगी पलटण’, गावाच्या पाठीमागची वाट अडवून बसली होती. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी शत्रूच्या सेनानीस शरणागतीचे पत्र पाठविले आणि त्याने उलट पत्रासोबत बंदुकीची एक गोळी धाडली, ही कथा युद्धाच्या इतिहासांतून आलेली आहे. मेजरांनी मात्र ती सांगताना पत्र कोणी नेले येथून सुरुवात केली: पांढरे निशाण घेतलेला एक मुक्तियोद्धा ते सायकलीवरून घेऊन गेल्याचे सांगतात, आणि ‘‘त्याच्या परत येण्याची वाट आम्ही सगळे बघत होतो, गुरुजी. ती सायकल दिसंना, तशी मला आमची सायकल आठवली,’’ असे ते म्हणाले. १० डिसेंबरच्या रात्री वेढा फोडून निसटू पाहणाऱ्या शत्रूचे लोंढे या पलटणीवर आदळले आणि दुसऱ्या दिवशी जमालपूर पडले. त्या रात्रीविषयी मेजरांनी एवढेच सांगितले की, थंडी फार होती. मी अधिक विचारले नाही. विचारणे योग्यही झाले नसते.

आता माझा मुद्दा मांडतो. या मनुष्याविषयी सरकारदरबारी काय नोंदले आहे? डिस्चार्ज बुकात त्याचा क्रमांक, उंची, छातीचे माप, अंगावरील खुणा, मिळालेली पदके आणि वर्तनाविषयीचा शेरा आहे. पेन्शनीच्या दप्तरात तहहयात किती रक्कम द्यावयाची त्याचा तपशील आहे. ग्रामपंचायतीला पूर्वीपासून सायकलीवर कर बसविण्याचा अधिकार असल्यामुळे एखाद्या जुन्या पावतीपुस्तकात त्याच्या सायकलीचाही उल्लेख सापडेल. शिरस्त्यात जे बसते ते सर्व आहे. परंतु त्या सायकलीने केलेला स्टेशनापासून वेशीपर्यंतचा तो रात्रीचा प्रवास कोणत्याही रकान्यात नाही, आणि माझ्या मते १९७१ च्या युद्धाच्या इतिहासात त्याला जमालपूरच्या वेढ्याइतकेच स्थान आहे, कारण वेढा घालणारी माणसे ज्या घरांतून गेली, त्या घरांनी ते युद्ध कसे सोसले, हे त्यावाचून कळत नाही.

आमच्या या प्रदेशाला तर असा संग्रह करण्याची परंपरा आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी घरोघरी हिंडून, माळ्यांवरून आणि अडगळीतून कागद उचलून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ उभी केली; १८९८ मध्ये निघालेल्या त्यांच्या पहिल्याच खंडाने पानिपतापर्यंतच्या काळातील पत्रे मराठी वाचकाच्या हाती दिली आणि पुढे त्याचे २२ खंड झाले. विष्णुभट गोडसे या वरसईच्या भिक्षुकाने १८५७ चा उत्पात जसा पाहिला तसा लिहून ठेवला, म्हणून ‘माझा प्रवास’ आज आपल्यापाशी आहे. परंतु राजवाड्यांना निदान कागद तरी सापडले. ज्या शिपायांविषयी मी लिहीत आहे त्यांच्यापाशी कागद नाही. मार्फत ५६ ए.पी.ओ. या पत्त्यावरची पत्रे पावसात आणि वाळवीत गेली. त्यांचे दप्तर त्यांच्या कंठात आहे, आणि ते दप्तर धारकाबरोबरच सरणावर चढते.

याहून लज्जास्पद गोष्ट सांगावयाची तर ही, की पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रे इंग्रज सरकारच्या सेन्सॉरने उघडून, त्यांतील उतारे इंग्रजीत भाषांतरून घेतले, आणि ते उतारे आज लंडनच्या ग्रंथालयात सुरक्षित आहेत. परक्या राज्यकर्त्याने ते संशयाने जतन केले. आपल्या साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून त्या महायुद्धात ४६ शिपाई कामी आले, ही संख्या आपण प्रत्येक भाषणात अभिमानाने उच्चारतो. त्यांतील एकाने तरी घर सोडताना काय म्हटले, हे मी त्या बाजूला पुष्कळांना विचारले, ते मला सांगणारे कोणी भेटले नाही. दुसऱ्या महायुद्धात इटलीतील सेनिओ नदीकाठी ९ एप्रिल १९४५ रोजी नामदेव जाधव यांनी गोळ्यांच्या वर्षावात दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून अलीकडे आणले, आणि नंतर शत्रूच्या मशीनगनी एकट्याने शांत केल्या; त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्याचे मानपत्र छापले गेले, ते इंग्रजीत. ते पाणी किती थंड होते, खांद्यावरचा माणूस काय बोलत होता, हे नामदेवरावांच्या स्वतःच्या मराठीत आपल्याला ऐकावयास हवे होते.

वीरपत्नींच्या बाबतीत आपण याहूनही अधिक कमी पडलो. कोरेगावच्या बाजूला एक वृद्ध बाई आहेत, ज्यांचे पती १९६५ च्या युद्धातून परतले नाहीत. त्यांच्या पडवीत एक जुनी बी.एस.ए. सायकल आहे. बी.एस.ए. हा मूळचा बर्मिंगहॅमचा बंदुकांचा कारखाना, १८६१ मध्ये स्थापन झालेला. पुढे तो सायकली करू लागला तरी एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुकांची मुद्रा त्याने सोडली नाही, आणि ती मुद्रा या सायकलीच्या पुढच्या नळीवर अजून स्पष्ट आहे. खंडेनवमीला ज्यांच्या घरी शस्त्र असते ते शस्त्राची पूजा करतात. या घरी शस्त्र नाही. बाई त्या तीन बंदुकांना झेंडूचे फूल वाहतात. सायकलीला घंटी नव्हती. मी कारण विचारले नसते, पण त्यांनीच सांगितले: तार घेऊन आलेल्या पोस्टमनने दारात सायकलीची घंटी वाजवली होती, आणि त्यानंतर घरातल्या सायकलीची घंटी त्यांनी स्वतःच्या हाताने काढून विहिरीत टाकली. हे साठ वर्षांत त्यांना कोणीही विचारले नव्हते. मदत विचारावयास, सत्कारास बोलवावयास, नारळ-शाल द्यावयास पुष्कळ आले. ऐकावयास कोणी बसले नाही.

परदेशात सैनिक आणि सायकल यांचे नाते अधिक उघड आहे. स्वित्झर्लंडच्या सैन्यात १८९१ पासून सायकलस्वारांच्या तुकड्या होत्या, १९०५ च्या नमुन्याची एकाच गिअरची, बावीस-तेवीस किलो वजनाची सायकल त्यांनी जवळजवळ नव्वद वर्षे वापरली, आणि २००३ मध्ये त्या तुकड्या मोडल्या तरी ती सायकल तेथे जिव्हाळ्याने जपली जाते. आमच्या शिपायाची सायकल सरकारने दिलेली नव्हती. ती त्याने पगारातून घेतली, घर आणि पलटण यांमधल्या वाटेवर वापरली. म्हणूनच तिच्यात जे साठले आहे ते कोणत्याही शस्त्रागारात मिळणार नाही. आणि ती आज किलोच्या भावाने भंगारात जात आहे. गेल्या वर्षी एका घरी मी पोचलो तेव्हा आजोबांना जाऊन तीन आठवडे झाले होते आणि सायकल त्याच सकाळी उचलली गेली होती. नातवाचा काही अपराध नाही, ती काय वस्तू आहे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. लष्करी गोष्टी उघड होतील, हा पहिला. परंतु अर्ध्या शतकापूर्वी चेनीला तेल कोणी दिले याने कोणत्या सरहद्दीला धोका पोचतो, हे मला समजत नाही. वृद्धांची स्मृती चुकते, हा दुसरा, आणि तो मला मान्य आहे. तारखा चुकतात, गावांची नावे बदलतात. त्यांची रुजुवात युद्धाच्या छापील इतिहासावरून करून घेता येते. पण बापाने वेशीवर काय उत्तर दिले, यात लेक चुकत नसतो.

म्हणून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी, ज्यांच्यापाशी गावनिहाय याद्या आधीच तयार आहेत, प्रत्येक तालुक्यात अशा जबान्या नोंदवून घेण्याचे काम हाती घ्यावे, असे माझे निक्षून सांगणे आहे. त्यासाठी इमारत नको, समिती नको. आजच्या प्रत्येक शिक्षकाच्या खिशात आवाज टिपणारा फोन आहे. जबानी माणसाच्या बोलीतच ठेवावी. कारकुनी मराठीत तिचे शुद्धीकरण करू नये. तिची एक प्रत गावाच्या वाचनालयात राहावी, जेथे त्याची नातवंडे जातात. आणि प्रश्न विचारणाऱ्याने लढाईपासून आरंभ करू नये. ट्रंकेपासून, घोंगडीपासून, सायकलीपासून करावा. बासष्ट साली जे वीस वर्षांचे होते त्यांनी आज ऐंशी ओलांडली आहे, आणि पारावरची जागा दर पेन्शनीला थोडी अधिक मोकळी दिसते.

मी माझ्यापुरता आरंभ केला आहे. मागच्या महिन्यात कोरी वही घेऊन मेजरांकडे गेलो. त्यांनी आपला फौजेतील क्रमांक आणि सायकलीच्या फ्रेमवरचा क्रमांक दोन्ही एका दमात सांगितले. मी सायकलीपाशी वाकून पडताळून पाहिला, एकही आकडा चुकला नव्हता. वहीच्या पहिल्या पानावर मी त्यांचे नाव लिहू लागलो, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. ‘‘माझं मागनं लिवा, गुरुजी,’’ ते म्हणाले, ‘‘आधी तात्यांचं घाला. सायकल चालत आणली ती त्यांनी.’’ मी ते नाव लिहिले, आणि त्याखाली, त्यांनी सांगितल्याप्रमाणे, ते दोन शब्द.