आवरलेला हात



सुटीत माझी नात पुण्याहून चार दिवस आमच्याकडे राहायला आली होती. सूर्यास्तापूर्वीची जेवणे आटोपली आणि तिने टीव्हीवर एक चित्रपट लावला. “आजोबा, बसा ना. चिनी आहे, पण तुम्हाला आवडेल.” मी विचारले, “कशाविषयी आहे?” ती म्हणाली, “तलवारींचा.” सौभाग्यवतींनी तेवढे ऐकले आणि “आपल्या घरात तलवारी?” असे म्हणत जपमाळ घेऊन त्या आतल्या खोलीत गेल्या. मी नातीचे मन मोडू नये म्हणून बसलो. दोन तासांनी चित्रपट संपला तेव्हा नात सोफ्यावर पेंगत होती आणि मी टक्क जागा होतो. त्यानंतर तो चित्रपट मी आणखी दोनदा पाहिला. आज त्याच्याविषयी लिहितो आहे.

चित्रपटाचे नाव ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’. म्हणजे दबा धरून बसलेला वाघ आणि दडून राहिलेला ड्रॅगन. वरून साध्या दिसणाऱ्या ठिकाणी केवढे सामर्थ्य लपलेले असते, हे सांगणारा हा चिनी वाक्प्रचार आहे. तैवानमध्ये जन्मलेल्या आंग ली यांनी तो दिग्दर्शित केला आणि 2000 साली तो प्रदर्शित झाला. पुढच्या वर्षी त्याला ऑस्करची दहा नामांकने आणि चार पारितोषिके मिळाली; सर्वोत्तम परभाषिक चित्रपटाचे पारितोषिक त्यांतलेच एक. बँकेच्या माणसाची नजर आकड्यांकडे वळतेच, म्हणून हेही नोंदवतो: सुमारे 1.7 कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने एकट्या अमेरिकेत 12 कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळवले. सबटायटल्स वाचण्याचा कंटाळा करणारा म्हणून ओळखला जाणारा तो प्रेक्षक, पण त्याने हा चित्रपट खालच्या ओळी वाचत पाहिला.

आपल्याकडेही ही तक्रार नेहमी ऐकू येते. “चित्र पाहायचे की अक्षरे वाचायची?” माझी चौतीस वर्षे कर्जाच्या करारांतील बारीक अक्षरे वाचण्यात गेली असल्यामुळे मला तो त्रास झाला नाही, परंतु तक्रार खोटी नाही. पहिली दहा मिनिटे डोळे वरखाली करून दमतात. मग केव्हा तरी आपण वाचतो आहोत याचा विसर पडतो आणि ती माणसे आपल्याशीच बोलत आहेत असे वाटू लागते. भाषेची अडचण प्रेक्षकांनाच होती असेही नाही. शू लियेन ही मुख्य भूमिका करणाऱ्या मिशेल यो मलेशियातल्या. मँडरिन त्यांना येत नव्हती. संवादांचे केवळ उच्चार पाठ करून त्यांनी ही भूमिका साकारली. नायक चाऊ युन-फॅट हाँगकाँगचे, म्हणजे कँटोनीज भाषक. ज्या भाषेत आपण बोलतो आहोत ती जिला परकी, त्या अभिनेत्रीच्या डोळ्यांतले मला सारे कळले, मग अडले कोठे?

कथाही याच मुद्द्याला येऊन भिडते. जेड फॉक्स नावाची एक स्त्री वूदांग पंथाच्या गुरूचा वध करून युद्धविद्येची पोथी पळवते. तिला अक्षरओळख नसल्यामुळे ती पोथीतल्या आकृत्या पाहून विद्या शिकते. तिच्याकडून चोरून धडे घेणारी राज्यपालाची कन्या जेन मात्र मजकूरही वाचते, आणि गुरूला न सांगता गुरूच्या कितीतरी पुढे निघून जाते. केवळ चित्रे पाहणारा आणि सोबत अक्षरेही वाचणारा यांत किती अंतर पडते, ते चित्रपटच सांगतो. खालच्या ओळींना कंटाळणाऱ्यांनी हे अवश्य लक्षात घ्यावे.

आता कथेविषयी थोडे. काळ चीनमधील छिंग राजवटीचा. ली मू बाय हा विख्यात तलवारबहाद्दर डोंगरावरची साधना अर्धवट सोडून खाली येतो. ज्ञानाचा प्रकाश जवळ आला असे वाटत असतानाच त्याला एका अथांग दुःखाने घेरलेले असते. तलवारीचे जीवन आता नको, असे ठरवून तो आपली ‘ग्रीन डेस्टिनी’ ही अमोल तलवार शू लियेनच्या हाती सोपवतो आणि ती बीजिंगमधील एका ज्येष्ठ सरदारांना भेट म्हणून पोहोचवण्यास सांगतो.

तलवार तिच्याकडेच का? कारण शू लियेन वडिलांच्या मागे त्यांची पेढी चालवते, आणि ती पेढी आहे व्यापाऱ्यांचा माल मुक्कामी सुखरूप पोहोचवण्याची. तिच्या तलवारबाजीआधी तिचा हा व्यवसायच माझ्या मनात भरला. अशा पेढ्या चीनमध्ये खरोखरच होत्या. चांदी आणि माल शस्त्रधारी सोबत्यांसह दूरच्या शहरांत पोहोचवणे हे त्यांचे काम. पुढे 1823 च्या सुमारास शान्सी प्रांतातील पिंगयाओ येथे रिशेंगचांग ही पेढी सुरू झाली. एका गावी चांदी भरावी आणि दुसऱ्या गावी चिठ्ठी दाखवून ती घ्यावी, अशी सोय तिने केली. आपल्या हुंडीचीच ही चिनी बहीण म्हणायची. हुंडी असो वा अंगडिया, सारा व्यवहार शब्दावर चालतो, हे आपल्या घरांना समजावून सांगण्याची गरज नाही. शू लियेनचे बोलणे मोजके आहे, हिशेब चोख आहे, आणि तिच्या ताब्यात दिलेली वस्तू ही ठेव आहे.

ती ठेव पोहोचते आणि त्याच रात्री चोरीला जाते. चोर कोण हे शू लियेनला लवकरच उमगते. चोर म्हणजे लग्नाच्या बोहल्यावर चढवली जाणारी, वय कोवळे पण मन धगधगणारे असलेली जेन. झांग झियीने ही भूमिका अशी केली आहे की तिचा रागही येतो आणि तिची काळजीही वाटते. शू लियेन चोरीचा बोभाटा करत नाही. दोन घराण्यांची अब्रू जाईल, मुलीचे आयुष्य उद्ध्वस्त होईल, हे जाणून ती आडून सुचवते, की वस्तू गुपचूप परत ठेवली गेली तर कोणाला काही विचारले जाणार नाही. तिची खात्री पटण्याचा प्रसंगही पाहण्यासारखा आहे. बोलता बोलता ती चहाचा पेला मुद्दाम पाडते, आणि नाजूक म्हणवणारी जेन तो अलगद झेलते.

येथे मी सौभाग्यवतींच्या आक्षेपाकडे येतो. चित्रपटात मारामारी आहे, भरपूर आहे. छपरांवरून रात्रीचा पाठलाग आहे, ढोलांच्या ठेक्यावर चालणारा. खाणावळीत जेन एकटी डझनावारी पुरुषांना लोळवते. माणसे भिंतींवरून धावतात, झाडांच्या शेंड्यांवर उभी राहतात. कलावंतांना तारांनी टांगून ही दृश्ये घेतली आणि नंतर त्या तारा संगणकावर पुसल्या, हे ठाऊक असूनही डोळे विस्फारतात. या झुंजी युएन वो-पिंग यांनी बसवल्या आहेत. पण तीन वेळा पाहिल्यावर माझ्या ध्यानात आले, की ज्या झुंजी मनात राहतात त्यांत बलवान माणूस वार करतच नाही.

शू लियेनच्या तालीमखान्यातली झुंज पाहा. जेनच्या हाती ग्रीन डेस्टिनी असल्यामुळे शू लियेनचे एकेक शस्त्र तुटत जाते. ती दुसरे उचलते, तिसरे उचलते. एक तर इतके जड निघते की त्याच्या भाराने तीच कोलमडते, आणि आपल्याला हसू येते. शेवटी मोडक्या तलवारीचे टोक ती जेनच्या गळ्याला लावते आणि तेथेच थांबते. हात खाली घेते तोच जेन तिच्या दंडावर वार करते. थांबण्याची किंमत मोजावी लागते, हे चित्रपट लपवत नाही.

मग चच्यांग प्रांतातील आन्जी येथे चित्रित केलेले बांबूचे बन येते. वाऱ्यावर हेलकावणाऱ्या हिरव्या शेंड्यांवर ली मू बाय शांत उभा आहे. जेन तलवार परजत झेपावते, तोल सावरताना तिची तारांबळ उडते. तिला तो केव्हाही संपवू शकला असता; त्याला ती शिष्या म्हणून हवी आहे. ती ऐकत नाही, तेव्हा ती अमोल तलवार तो सरळ प्रवाहात फेकून देतो. जेन तिच्यामागे पाण्यात उडी घेते. एकाने वस्तू सोडली आणि दुसरीने वस्तूसाठी जीव धोक्यात घातला, एवढेच ते दृश्य. त्याला भाष्य लागत नाही. कुंभोजच्या बाहुबलींचे दर्शन घेत वाढलेल्या आपल्यासारख्यांना, उगारलेला हात मध्येच थांबण्याची कथा परकी कशी वाटेल?

हे सर्व मी दुसऱ्या दिवशी उत्साहाने नातीला सांगितले. ती शांतपणे म्हणाली, “ते ठीक आहे, आजोबा. पण हात आवरून आवरून त्या दोघांचं आयुष्य वाया गेलं, ते नाही दिसलं तुम्हाला?”

खरे सांगतो, ते मी पाहिले होते आणि बाजूला सारले होते. ली मू बाय आणि शू लियेन यांचे एकमेकांवर वर्षानुवर्षे प्रेम आहे. तिचा वाग्दत्त पती त्याचा मानलेला भाऊ होता आणि तो मारला गेला. त्याच्या स्मृतीचा मान राखायचा म्हणून दोघेही मनातले बोलत नाहीत. चहा घेतात, तलवारीविषयी आणि कामाविषयी बोलतात, निरोप घेतात. अखेर विषारी सुई लागून ली मू बाय मरणाच्या दारी येतो. उरलेला श्वास ध्यानात घालवून मुक्त हो, असे ती विनवते, आणि तो श्वास तो आपले प्रेम सांगण्यात खर्च करतो. ज्याने आयुष्यभर वार आवरला, त्याने पुढे करायचा हातही आवरून धरला होता. दोन्ही गोष्टींना तो संयमच म्हणत आला.

नातीच्या त्या वाक्याने मला माझे घर आठवले. वडील गेल्यावर आमच्या किराणा दुकानाची वाटणी झाली. पेठेतले गोदाम अण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंनी, स्वतःकडे ठेवले. माझ्या मते त्यात माझा निम्मा वाटा होता. वकील म्हणाले, दावा भक्कम आहे. मी दावा केला नाही. समाजात त्याचे कौतुक झाले आणि मलाही त्याचा अभिमान वाटत राहिला. भावावर हात उगारला नाही, ही जमेची बाजू मी मनाच्या खातेवहीत ठळक अक्षरांत लिहून ठेवली. नावेची बाजू कोरी ठेवली. कारण दावा केला नाही तसा मी त्यांच्या घरीही गेलो नाही. लग्नकार्यात भेटलो तर नमस्कार. पर्युषण संपले की क्षमावाणीचे छापील कार्ड माझ्याकडून जाई, त्यांच्याकडूनही येई. अलीकडे तेही फोनवरून एकाच वेळी शंभर जणांना पाठवता येते. त्यांचे गाव माझ्या घरापासून एसटीने सव्वा तासावर आहे. मध्ये चौदा वर्षे गेली.

तिसऱ्यांदा चित्रपट पाहिला, त्यानंतरच्या रविवारी मी एसटीत बसलो. अण्णा ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. ऐंशीच्या घरात आले आहेत, नजर मंदावली आहे. मला ओळखायला क्षणभर लागला. म्हणाले, “ये. काय काम काढलंस?” मी म्हणालो, “काम काही नाही, अण्णा. यायला उशीर केला, एवढंच.” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आत पाहून वहिनींना हाक मारली, “अगं, धाकटा आलाय. दिवस मावळायच्या आत पानं घे.” गोदामाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. तो तसाच आहे.

चित्रपटाचा अगदी शेवट मी सांगत नाही. तो आपण पाहावा आणि त्याचा अर्थ घरातल्या तरुण मंडळींशी वाद घालून ठरवावा. त्याआधीचा एक क्षण तेवढा सांगतो. ज्या मुलीच्या हट्टापायी हे सारे घडले, ती जेन समोर गुडघे टेकून बसली आहे. शू लियेनच्या हाती ग्रीन डेस्टिनी आहे. ती तलवार उगारते, पाते मानेपर्यंत येते आणि थांबते. पुढे ती तिला वूदांगच्या डोंगरावर, तिची वाट पाहणाऱ्या प्रियकराकडे जायला सांगते आणि स्वतःशी प्रामाणिक राहायला सांगते. तिने वार आवरला, आणि तेवढ्यावर न थांबता मुलीला वाटही दाखवली. मला वाटते, ली मू बाय जे फार उशिरा शिकला ते शू लियेन त्या एका रात्रीत शिकली.

पाहू इच्छिणाऱ्यांसाठी दोन व्यावहारिक सूचना. पहिली झुंज सुरू व्हायला सुमारे पंधरा मिनिटे लागतात. तोवर उठू नये, कारण त्या शांत बोलण्यातच पुढचे सारे आहे. आणि घरात कोणाला इंग्रजी ओळी वाचणे जमत नसेल, तर नातवंडांनी शेजारी बसून मराठीत सांगत जावे. आमच्याकडे आता तसेच ठरले आहे. नात पुढच्या सुटीत येईल तेव्हा ती आजीला सांगणार आहे. सौभाग्यवतींनी अद्याप होकार दिलेला नाही, पण परवा त्यांनी आपणहून विचारले, “त्या चहाच्या पेल्याचं काय झालं म्हणालात?”